निकॉन पी९५० वाळवंटात: लेन्स पोचते, हवा पोचू देत नाही

वाळवंटातले पक्षी लांब बसतात, तेव्हा झूम जितका मोठा तितकं बरं, असा हिशेब करून बरेच हौशी फोटोग्राफर निकॉन कूलपिक्स पी९५० घेतात. कागदावर तो हिशेब बरोबरच आहे. फुल-फ्रेमच्या (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरच्या) मापात २४ ते २,००० मिमी, म्हणजे ८३ पट झूम, एकाच न निघणाऱ्या लेन्समध्ये, आणि बॅटरी-कार्डासकट वजन साधारण एक किलो. हिशेब चुकतो तो सकाळी साडेदहाला. दोनशे मीटरवर उघड्या वाळूत उभ्या असलेल्या धाविकावर पूर्ण झूम नेला की व्ह्यूफाइंडरमध्ये त्याचे पाय वाकडे होतात, चोच दुहेरी दिसते आणि अख्खा पक्षी उकळत्या पाण्यातून बघितल्यासारखा थरथरतो. लेन्स तिथवर पोचलेली असते. मधली हवा पोचू देत नाही.

म्हणून निकाल आधीच सांगून टाकलेला बरा. दहा ते पस्तीस मीटरवरच्या लहान गोष्टींसाठी, म्हणजे काट्यावर बसलेला खाटीक, खोडाच्या टोकावरचं निवडुंगाचं फूल, दगडावरचा रणगोजा यांसाठी, हा कॅमेरा झकास आहे. दोनशे मीटरवरच्या मोठ्या गोष्टींसाठी घेऊ नये. आणि धुळीची काळजी घ्यायचा कंटाळा असेल तर मुळीच घेऊ नये; ते का, ते पुढे.

आकड्यांत बघू. पूर्ण झूमवर फ्रेमची रुंदी ५० मीटरवर सुमारे ८७ सेंमी, ३० मीटरवर सुमारे ५२ सेंमी भरते. रणगोजा पंधरा सेंटीमीटरचा. तीस मीटरवरून तो फ्रेमच्या रुंदीचा चौथ्या हिश्शाहून थोडा जास्त भाग व्यापतो, आणि पिसं मोजण्याइतका तपशील मिळायला तेवढं पुरतं. शंभर मीटरवर तोच पक्षी रुंदीच्या दहाव्या भागाहूनही लहान होतो आणि वर हवेचा थर तिपटीहून जास्त. थोडक्यात, झूम मोठा आहे म्हणून लांबून काढायचं, असं इथे चालत नाही. झूम मोठा आहे म्हणून पक्ष्याला न हुसकावता तीस मीटरवर थांबता येतं, एवढाच त्याचा अर्थ घ्यायचा. साध्या ३०० मिमी लेन्सवाल्याला त्याच फोटोसाठी पाच मीटरच्या आत जावं लागेल, आणि रणगोजा तितका वेळ थांबत नाही.

उन्हाने तापलेल्या जमिनीलगतची हवा गरम होऊन वर येते, गार हवा खाली जाते, आणि दोन्हींचा प्रकाश वाकवण्याचा गुण वेगळा असल्यामुळे चित्र थरथरतं. कंपनीची पाच-साडेपाच स्टॉपची (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा) स्थिरीकरणाची सोय हात हलल्यावर कामाची आहे, हवा हलल्यावर तिचा काडीचा उपयोग नाही. ट्रायपॉडचाही नाही. उपयोग होतो तो वेळेचा आणि उंचीचा. सूर्योदयानंतरचा पहिला दीड-दोन तास सोन्यासारखा. त्यानंतर अंतर निम्म्यावर आणायचं. थर सगळ्यात वाईट जमिनीपासून गुडघाभर उंचीपर्यंत असतो. त्यामुळे आडवं झोपून, पक्ष्याच्या डोळ्याच्या पातळीवरून फोटो काढायची जी पद्धत सगळीकडे शिकवतात, ती वाळवंटात नऊनंतर उलटते. उभं राहा, टेकाडावर जा, बाभळीच्या किंवा शमीच्या शेंड्यावरचा पक्षी निवडा. नजरेची रेघ डांबरावरून किंवा काळ्या खडकावरून जात असेल तर दहा पावलं बाजूला सरकून ती झुडपांवरून जाईल असं बघा. ढगाळ दिवस मिळाला तर दुपारीही काम होतं.

पखुर्ड्यांच्या (सँडग्राउज पक्ष्यांच्या) बाबतीत मात्र हे गणित जुळवणं अवघड आहे. त्यांच्या बऱ्याच जाती पाण्यावर येतात त्या ऊन वर चढल्यावर, आणि नेमकी तेव्हाच हवा बिघडायला लागलेली असते. उपाय एकच: पाण्याच्या कडेपासून वीस-पंचवीस मीटरवर त्या यायच्या आधीच बसून राहायचं आणि शेवटची पखुर्डी उडेपर्यंत उठायचं नाही.

फोटो मऊ आला की लोक आधी लेन्सला शिव्या घालतात. कारण शोधायची साधी चाचणी आहे. कॅमेरा बीनबॅगवर टेकवून एखाद्या काटेरी फांदीचे लागोपाठ सात फोटो घ्या आणि मोठे करून बघा. प्रत्येक फोटोत काट्याची कड वेगळ्या जागी वाकलेली असेल, एखाद्यात चुकून धारदार असेल, तर दोष हवेचा. सगळ्या कडा एकाच दिशेने पुसल्यासारख्या असतील तर कॅमेरा हलला, शटर स्पीड वाढवा. फांदी सातही फोटोंत सारखीच मऊ आणि मागचं गवत स्पष्ट असेल तर फोकस चुकला. पाच मिनिटांचं काम आहे, आणि दुरुस्तीवाल्याकडची फेरी वाचते.

गाडीतून काढणाऱ्यांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी: गाडी स्वतःच हवा थरथरवते. आत एसी, बाहेर ऊन, आणि दोन्ही हवा एकमेकांत मिसळतात त्या खिडकीतच लेन्स. पक्ष्याजवळ पोचायच्या दहा मिनिटं आधी एसी बंद करून सगळ्या काचा खाली घ्या. बॉनेटवरून तर कधीच काढू नका. तिथून उठणारी गरम हवा दिसत नाही, फोटोत दिसते. इंजिन बंद हवंच, कारण दरवाजातून येणारी कंपनं २,००० मिमीला लपत नाहीत. खिडकीवर टाकायच्या बीनबॅगेत दीड-दोन किलो धान्य भरावं. तिथलीच वाळू भरायचा मोह होतो, पण तिची बारीक पूड शिवणीतून गळते आणि थेट झूमच्या नळीवर बसते. लेन्स-हूड लावलेलं असेल तर तेही तपासा. कॅमेरा गार गाडीतून नुकताच बाहेर आला की हूडमध्ये कोंडलेली हवा बाहेरच्या हवेशी जुळलेली नसते. फोटो मऊ येत असतील तर हूड काढून बघा.

आता सेटिंग. सेन्सर लहान, १/२.३ इंची, त्यावर १६ मेगापिक्सेल. पूर्ण झूमवर सगळ्यात मोठं अॅपर्चर (प्रकाश आत सोडणारं भोक; एफचा आकडा लहान तितकं भोक मोठं) एफ/६.५, आणि या आकाराच्या सेन्सरवर तिथेच विवर्तनाने, म्हणजे लहान भोकातून जाताना प्रकाश पसरल्याने, तपशील विरघळायला लागलेला असतो. ‘थोडं बंद केलं की लेन्स धारदार होते’ हा मोठ्या कॅमेऱ्यांचा नियम इथे लावला तर नुकसान होतं. अॅपर्चर प्रायॉरिटी ठेवा, आकडा सगळ्यात लहान, आणि त्याला हात लावू नका. लख्ख उन्हात आयएसओ (सेन्सरची प्रकाश-संवेदनशीलता) १०० ला एफ/६.५ वर शटर साधारण १/६०० मिळतो, आणि बसलेल्या पक्ष्याला तो पुरतो. कोवळ्या उन्हात प्रकाश दोन स्टॉपने कमी असला तर तोच शटर राखायला आयएसओ ४०० लागतो. त्याच्यापुढे पिसांचा पोत धुतल्यासारखा होत जातो. ८०० नाइलाजाला, १,६०० फक्त नोंदीपुरता. फाइल रॉमध्ये, म्हणजे सेन्सरच्या कच्च्या रूपात, घ्या, कारण कॅमेऱ्याचं स्वतःचं जेपेग काटे आणि पिसं एकसारखी लिंपून टाकतं. डिजिटल झूम मेनूतून बंदच करा. हे सगळं एकदा जुळवून डायलवरच्या ‘यू’ मोडमध्ये साठवून ठेवलं की पहाटे अंधारात बोटं चाचपडत बसायला नको. डायलवर पक्ष्यांचा वेगळा मोडही आहे. सुरुवातीला बरा वाटतो, पण त्यात शटर आणि अॅपर्चर आपल्या हाती राहत नाहीत, तेव्हा आठवडाभरात तो सोडावा.

फोकस कॉन्ट्रास्टवर, म्हणजे उजळ-गडद फरकावर, चालतो, आणि वाळवंटात कॉन्ट्रास्ट हवा तिथे नसतो, नको तिथे भरपूर असतो. वाळूच्या रंगाचा पक्षी वाळूवर: कॅमेरा पुढे-मागे शोधत राहतो. करडा पक्षी नेपतीच्या पानं नसलेल्या हिरव्या काड्यांच्या गुंत्यात: कॅमेरा अलगद पुढची काडी पकडतो. फोकसची चौकट सगळ्यात लहान करून मध्यावर ठेवा. तरी जमलं नाही तर पक्ष्याच्या पायाखालच्या दगडाच्या कडेवर फोकस पकडून अर्धं बटण दाबून ठेवा आणि फ्रेम सरकवा. गुंत्यात मॅन्युअल फोकसच बरा. लेन्सच्या डाव्या अंगाच्या चकतीने तो फिरतो, आणि पीकिंग चालू असेल तर फोकसमधल्या कडा चमकून दिसतात. चकती अगदी सावकाश फिरवायची, जोरात फिरवली की फोकस पक्ष्याच्या पलीकडे निसटतो.

लेन्सवरच, डाव्या हाताच्या बोटाखाली, एक बटण आहे: दाबून धरलं की झूम मागे येतो, सोडलं की होता तिथे परत जातो. सवा अंशाच्या आसपासच्या दृश्यकोनात पक्षी हरवणं रोजचंच असल्यामुळे या बटणाची सवय पहिल्याच दिवशी लावून घ्यावी. उडत्या पक्ष्यांचं म्हणाल तर आशा ठेवू नका. सेकंदाला सात फ्रेम मिळतात, पण सलग दहाच, आणि मग कार्डावर लिहून होईपर्यंत कॅमेरा तुमचं ऐकत नाही. करकोच्यांचा थवा ५०० मिमीच्या आसपास ठेवून नीट मिळतो. पंख मारत वळणारा ससाणा या कॅमेऱ्याचं काम नाही. वर फ्लॅश बसवायच्या खाचेत निकॉनचाच लाल ठिपक्याचा नेमदर्शक (डॉट साइट), डीएफ-एम१, बसतो. त्याने पक्षी शोधणं सोपं होतं, फोकसचा वेग वाढत नाही.

झाडांच्या बाबतीत हा कॅमेरा पक्ष्यांपेक्षाही जास्त आवडेल, आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. पूर्ण झूमवर किमान फोकस-अंतर पाच मीटर. तिथे फ्रेमची रुंदी सुमारे नऊ सेंटीमीटर भरते. अमेरिका-मेक्सिकोतल्या सोनोरन वाळवंटातल्या सग्वारो या उंच निवडुंगाचं फूल जवळपास तेवढंच असतं, आणि ते असतं खोडाच्या नि फांद्यांच्या टोकाला, माणसाच्या डोक्याच्या कितीतरी वर. शिडीशिवाय, कुंपण न ओलांडता ते फूल फ्रेमभर मिळतं. फक्त सकाळी जायला हवं: सग्वारोचं फूल रात्री उमलतं आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मिटतं. थर वाळवंटातल्या रोहिड्याची केशरी फुलं किंवा शमीच्या मंजिऱ्या वरच्या फांद्यांवर असतात, तिथेही हाच उपयोग.

पण पाच मीटरवर पूर्ण झूमला स्पष्टतेची खोली जेमतेम सेंटीमीटरभर असते. फुलातले पुंकेसर घ्यायचे की पुढच्या पाकळीची कड, हे ठरवूनच फोकस करा. दोन्ही मिळणार नाही. खोली हवी असेल तर अॅपर्चर बंद करण्याऐवजी झूम कमी करा. याच्या उलट टोक म्हणजे २४ मिमीचा मॅक्रो, तो विषयापासून एक सेंटीमीटरवरही फोकस करतो. रुईच्या जांभळट फुलांचा गुच्छ आणि मागे अख्खा माळ, असा फोटो त्यातून सुरेख येतो. निवडुंगावर मात्र जपून. एक सेंटीमीटरवर लेन्सची सावली फुलावर पडते, आणि फड्या निवडुंगाचा काटा पुढच्या काचेला लागायला एक श्वास पुरतो. ६७ मिमीचा साधा संरक्षक फिल्टर कायम लावून ठेवा. रुईचा चीक बोटाला लागला तर हात धुतल्याशिवाय आयकपला (व्ह्यूफाइंडरभोवतीच्या रबराला) स्पर्श करू नका. तो डोळ्यात जाणं फार वाईट. आणि चोया जातीच्या निवडुंगाच्या परिसरात खिशात रुंद दातांचा कंगवा ठेवा. त्याचे तुकडे कपड्याला, बुटाला, ट्रायपॉडच्या फोमला चिकटतात, आणि हाताने काढायला गेलं की हाताला.

काट्यांचा सगळ्यात सुंदर उजेड मागून येतो. चोयाचे काटे इतके दाट नि अर्धपारदर्शक असतात की मावळतीचा सूर्य मागे आला की झाडाभोवती सोनेरी वलय उभं राहतं. सूर्य फ्रेममध्ये घेऊ नका. थोडा बाजूला, झाडाच्या मागे किंवा फ्रेमच्या बाहेर ठेवा. पार्श्वभूमीला सावलीतली दरड किंवा टेकडी शोधा आणि एक्स्पोजर दोन तृतीयांश ते एक स्टॉप कमी करा. पुढच्या काचेवर ऊन पडत असेल तर टोपी धरून अडवा, नाहीतर सगळा फोटो दुधाळ होतो. फिल्टरवर धुळीचा पातळ थर असेल तर आणखीच. मेणकट सालीच्या अगेव्हवरची चमक पोलरायझरने (चकाकी कापणाऱ्या फिल्टरने) जाते, पण दीड-दोन स्टॉप प्रकाश जातो. जवळच्या झाडांना लावा, पक्ष्यांना काढा.

वाळूवर मीटर फसतो. उजळ वाळू पाहून कॅमेरा फोटो काळपट काढतो, म्हणून सर्वसाधारण दृश्याला अधिक दोन तृतीयांश स्टॉप एक्स्पोजर द्यावं लागतं. पण लहान सेन्सरला उजळ भाग लवकर जळतो, आणि जळलेला भाग रॉमधूनही परत येत नाही. हिस्टोग्रामचं (फोटोतल्या उजेडाच्या आलेखाचं) उजवं टोक कडेला चिकटत असेल तर अधिकची भानगड सोडून द्या.

रस्त्यावरच्या दृश्यांना, म्हणजे मैलाचे दगड, बंद पडलेला पंप, उंटांची रांग, सरळ क्षितिजात घुसणारं डांबर यांना, हा कॅमेरा पुरेसा आहे, फार काही नाही. २४ मिमीला लख्ख उन्हात एफ/२.८ वर शटर १/२००० च्याही पुढे मागतो, म्हणून तिथे मात्र एफ/४ वर या. खरी मजा ३०० ते ५०० मिमीत आहे: विजेचे खांब एकमेकांना चिकटतात, रस्त्याचे चढउतार पायऱ्यांसारखे रचले जातात. आणि ज्या थरथरीला इतका वेळ नावं ठेवली, ती इथे कामाला येते. भर दुपारी, कॅमेरा गुडघ्याच्याही खाली आणून, १,००० मिमीच्या पुढे झूम करून लांबून येणारा ट्रक बघा. रस्त्यावर पाणी साचल्यासारखं मृगजळ दिसतं आणि ट्रकची चाकं त्यात विरघळलेली. उभं राहिलात की पाणी आटतं, कारण मृगजळ दिसायला नजर रस्त्याला अगदी तिरकी लागते. हा प्रयोग रस्त्याच्या कडेवरूनच करा, डांबरावर बसून नाही. आणि गाडी कडेला घेताना आधी पायाने जमीन दाबून बघा. मऊ वाळूत चाक रुतलं की संध्याकाळचा उजेड गाडी काढण्यातच जातो.

आता धूळ. या कॅमेऱ्याविरुद्धचा सगळ्यात मोठा मुद्दा हाच. धूळ-पाणी रोखणारं सीलिंग याला नाही. झूम केला की नळी बाहेर येते, आतली जागा वाढते, आणि ती जागा भरायला बाहेरची हवा फटींतून आत ओढली जाते. हवेबरोबर बारीक धूळ. सेन्सरवर एकदा कण बसला की लेन्स निघत नसल्यामुळे तो घरी काढता येत नाही. कॅमेरा उघडावा लागतो. मोठ्या झूमला अॅपर्चर अरुंद असल्यामुळे डाग तिथेच जास्त ठळक दिसतात, म्हणजे नेमके पक्ष्यांच्या फोटोंत. वारा सुटला की झूम आत घेऊन कॅमेरा पिशवीत टाका, धुळीच्या लोटात झूम अजिबात हलवू नका. एरवीही पातळ प्लॅस्टिकची पिशवी, पुढे भोक पाडून, ते फिल्टरच्या कडेवर रबराने बांधून वापरावी. नळी बाहेर असेल तेव्हाच मऊ ब्रशने झटका, मग हातपंपाने फुंका, आणि त्यानंतरच झूम आत घ्या. उलट क्रमाने केलं तर नळीवरची धूळ आपणच आत ढकलतो. कापडाने कोरडं पुसू नका. वाळूचा कण काचेवर घासला की चरा कायमचा.

उष्णतेची मर्यादाही कंपनीने दिली आहे: ० ते ४० अंश सेल्सियस. डॅशबोर्डवर ठेवलेला काळा कॅमेरा त्यापुढे केव्हाच जातो. सावलीत, ओलसर नसलेल्या पांढऱ्या कापडात गुंडाळून ठेवा. ईएन-ईएल२०ए बॅटरीवर सुमारे २९० फोटो निघतात, त्यातही सतत झूम हलवला तर कमी; दोन जादा बॅटऱ्या हव्यातच. चार्जिंग कॅमेऱ्यातच, जुन्या मायक्रो यूएसबीने. वेगळा चार्जर घेतला की एक बॅटरी भरत असताना कॅमेरा मोकळा राहतो. वळणारा पडदा उत्तम आहे, पण स्पर्शाने चालत नाही, आणि उन्हात तसाही व्ह्यूफाइंडरच लावावा लागतो. तो २३ लाख ठिपक्यांचा आहे, चांगला आहे.

याचा थोरला भाऊ पी१००० तीन हजार मिमीपर्यंत जातो, वजन १,४१५ ग्रॅम, टोकाला एफ/८. वाळवंटासाठी तो जादा झूम फुकट जातो; वजन तेवढं मिळतं. मिररलेस कॅमेरा आणि १५०-६०० मिमी लेन्स यांचा जोड फोटोच्या दर्जात पी९५० ला सहज मागे टाकतो, उडते पक्षीही पकडतो, पण तीन किलोच्या आसपास जातो आणि सग्वारोच्या फुलापासून रस्त्याच्या दृश्यापर्यंत एका झूममध्ये येत नाही. लेन्स बदलायची म्हणजे त्या धुळीत कॅमेरा उघडायचा.

वापरलेला पी९५० घेत असाल तर वाळवंटात हिंडलेला आहे का, हे विचारण्यापेक्षा तपासा. झूम हळूहळू पूर्ण बाहेर काढा आणि कान लावा. करकर ऐकू आली तर नळीत वाळू आहे, तिथूनच परत फिरा. मग कॅमेरा स्वच्छ आकाशाकडे धरून, पूर्ण झूमवर, अॅपर्चर जितकं बंद होईल तितकं बंद करून, मॅन्युअल फोकस जवळ आणून एक फोटो घ्या. कॉन्ट्रास्ट वाढवून बघा. करड्या कडांचे गोल ठिपके त्याच जागी पुढच्या फोटोतही आले तर ते सेन्सरवरचे आहेत. एखादा ठिपका कोपऱ्यात असेल तर चालवून घ्या. मध्यावर असेल, तर तो प्रत्येक पक्ष्याच्या अंगावर बसणार.